लुओयांगला उतरा: चीनच्या सहली नेणाऱ्यांना एक खुलं पत्र

महाराष्ट्रातून चीनच्या सहली नेणाऱ्या सर्व पर्यटन संस्था आणि त्यांच्या टूर मॅनेजर मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

2020 पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून तुमच्या नव्या कार्यक्रमपत्रिका मी हाती लागतील तशा वाचते आहे. बीजिंग, शीआन, शांघाय. दिवस कमीजास्त होतात, हॉटेलं बदलतात, पण शहरं बहुतेक तीच. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. भिंत बघायलाच हवी, मातीचं सैन्यही बघायलाच हवं. माझं म्हणणं त्या दोघांच्या मधल्या एका शहराबद्दल आहे. शीआनहून बीजिंगला जाणारी बुलेट ट्रेन त्या शहरावरूनच जाते. तुमचे प्रवासी तेव्हा बहुधा जेवणाच्या डब्यात गुंतलेले असतात.

काही वर्षांपूर्वी मीही अशाच एका सहलीत त्या गाडीत बसले होते. खिडकीतून फलक दिसला, 'लुओयांग लाँगमेन'. गाडी दोन मिनिटं थांबली. छत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवलेली बाई मी, माझा जीव कासावीस झाला. आमच्या टूर मॅनेजरला विचारलं, इथे आपण का उतरत नाही? तो म्हणाला, "मॅडम, तिथे बघण्यासारखं काही उरलेलं नाही." मुलगा गुणी होता, सगळ्यांची काळजी घेणारा होता. त्याला जे सांगितलं गेलं होतं तेच त्याने मला सांगितलं. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे भाऊ आणि वहिनीला घेऊन मी पुन्हा गेले, फक्त लुओयांगसाठी, आणि पाच दिवस राहिले. हे पत्र त्या पाच दिवसांच्या जोरावर लिहिते आहे.

आधी भूगोल सांगते, कारण या शहराचं सगळं नशीब तिथल्या जमिनीने ठरवलं आहे. हनान प्रांताच्या पश्चिम भागात, पिवळ्या नदीच्या दक्षिणेला एक खोलगट खोरं आहे. उत्तरेला मांगशान ही बुटक्या, लांबलचक, पिवळ्या मातीच्या टेकड्यांची रांग, आणि तिच्यापलीकडे पिवळी नदी. पश्चिमेकडून लुओ नदी येते, दक्षिणेच्या डोंगरांतून वाट काढत यी नदी येते. पूर्वेला यान्शीजवळ दोघी मिळतात आणि एकत्र होऊन पिवळ्या नदीकडे जातात. पश्चिमेला हानगू खिंड, पूर्वेला हुलाव खिंड. दोन्ही खिंडी धरल्या की खोरं बंद. चिनी भाषेत 'यांग' म्हणजे उन्हाची बाजू. डोंगराच्या बाबतीत दक्षिण उतार आणि नदीच्या बाबतीत उत्तर काठ. म्हणजे लुओयांग हे नावच शहराचा पत्ता आहे: लुओ नदीचा उत्तर काठ.

मांगशानकडे नुसत्या टेकड्या म्हणून पाहू नका. पिवळ्या नदीच्या पुरापासून या शहराचा बचाव त्या टेकड्यांनी केला आहे. इथून सुमारे दोनशे किलोमीटर पूर्वेला कायफंग आहे, तीही जुनी राजधानी. तिथे नदीचं पात्र गाळाने इतकं भरलं आहे की ते शहरापेक्षा उंचावरून वाहतं, आणि जुनी कायफंग शहरं गाळाखाली एकावर एक गाडली गेली आहेत. लुओयांगला स्वतःच्या दोन नद्यांचे पूर सोसावे लागले, पण पिवळ्या नदीने ते कधी असं गिळलं नाही. भूगोलाच्या तासाला मी 'स्थान' आणि 'सापेक्ष स्थान' हे शब्द फळ्यावर लिहायचे. दोन्हीचा अर्थ मला खऱ्या अर्थाने इथे कळला.

या खोऱ्याची एक अडचण होती. ते सुरक्षित होतं, पण लहान. राजधानी म्हटलं की लाखो तोंडं आली आणि एवढं धान्य इथे पिकत नव्हतं. पश्चिमेच्या छांगआनची, म्हणजे आजच्या शीआनची, अवस्था त्याहून बिकट होती. पूर्वेकडून येणाऱ्या धान्याच्या होड्यांना सानमनशियापाशी पिवळ्या नदीच्या खडकाळ पात्रातून वर चढणं फार अवघड जाई. त्यामुळे धान्य लुओयांगपर्यंत यायचं आणि तिथे अडायचं. तांग घराण्याचे सम्राट दुष्काळाच्या वर्षी दरबार उचलून लुओयांगला येत, ते या धान्यामागे. 605 साली, तांगांच्या आधीच्या सुई घराण्याच्या सम्राट यांगतीने इथे नवं शहर वसवायला घेतलं आणि दक्षिणेकडचं धान्य आणणारा मोठा कालवा याच शहराशी जोडला, त्यामागचा हिशेबही हाच.

ते धान्य ठेवायचे कुठे, हे बघितलं तेव्हा मी माझ्या आजोळीच पोहोचले. हानजिया हे सुई-तांग काळातलं सरकारी कोठार. कोठार म्हणजे इमारत नव्हे, जमिनीतली पेवं! सोलापूरकडच्या माणसाला पेव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. माझ्या आजोळच्या वाड्यासमोर ज्वारीचं पेव होतं. ते उघडलं की आतली गरम हवा निघून जाईपर्यंत आजोबा कुणाला खाली उतरू देत नसत. लुओयांगला अशी 287 पेवं सापडली. आपल्या पेवाचं तोंड अरुंद असतं, ही वाडग्यासारखी वर रुंद आणि खाली निमुळती. खोली काहींची बारा मीटरपर्यंत. तळ आणि कडा भाजून कोरड्या करायच्या, वर लाकडी फळ्या, मग चटया आणि भुसा. आत एक कोरलेली वीट ठेवायची. धान्य कुठून आलं, कोणत्या वर्षी, कोण अधिकारी जबाबदार, हे सगळं त्या विटेवर. एका पेवात सुमारे अडीच लाख किलो राळ्यासारखं बारीक धान्य सापडलं, काळं पडून कोळसा झालेलं, पण दाणा न दाणा ओळखू येणारा. आमची वहिनी शेतकऱ्याच्या घरची. तिथून तिचा पाय निघेना.

आता "काही उरलेलं नाही" या वाक्याकडे येते, कारण ते पूर्ण खोटं नाही. लुओयांगला रोमसारखे खांब उभे नाहीत. 190 साली सेनापती तोंग च्वोने हान राजधानी जाळली. 311 साली उत्तरेच्या श्योंगनूंनी ती लुटली. 755 नंतरच्या, तांगांचा सेनापती आन लूशान याच्या बंडात पुन्हा तेच झालं. शिवाय हे शहर दगडाचं नव्हतंच. लाकूड आणि माती. ती मातीही आपल्या काळ्या रानासारखी नाही; वाऱ्याने आणून हजारो वर्षं साठवलेली पिवळी, बारीक, पिठासारखी. ती साच्यात टाकून थरावर थर धुमसाने चोपायचा की दगडासारखी भिंत तयार. मराठवाड्यातल्या गावोगावच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या आठवा. वरचं बांधकाम गेलं की गढीचं काय होतं? टेकाड. लुओयांगमध्ये अशी टेकाडं आणि त्याखाली अख्खी शहरं आहेत.

लुओ नदीच्या काठाने तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात पाच राजधान्यांचे अवशेष आहेत. सर्वांत जुनं अर्लितो, 1959 साली सापडलेलं. इसवी सनापूर्वी साधारण 1750 ते 1530 या काळातलं. राजवाडे, काटकोनात छेदणारे रस्ते, कांस्याची भट्टी. बरेच चिनी अभ्यासक त्याला श्या घराण्याची राजधानी मानतात, काही मानत नाहीत, कारण तिथे तसं लिहिलेलं काही मिळालेलं नाही. त्यानंतर यान्शीचं शांग शहर, मग चौ राजांचं शहर, मग हान ते उत्तर वेई काळातली राजधानी आणि शेवटी सुई-तांग. 1963 साली शीआनच्या पश्चिमेला बावजी इथे एक कांस्यपात्र सापडलं. त्यावरच्या 122 अक्षरांच्या लेखात चौ राजाने इथे राजधानी वसवल्याचा उल्लेख आहे आणि तिथे 'झोंगगुओ', मधला देश, हे शब्द पहिल्यांदा लिहिलेले आढळतात. चिनी माणूस आज आपल्या देशाला जे नाव देतो, ते आधी या खोऱ्याचं नाव होतं.

मातीखालचं शहर शोधतात कसं, तेही मी पाहिलं. मांगशानवर इतके राजे-सरदार पुरले गेले की राहावं दक्षिणेच्या सूचौ-हांगचौला आणि पुरावं मांगशानवर, अशी म्हणच पडली. त्यामुळे कबरी लुटणारेही तिथे फोफावले, आणि त्यांचं हत्यार म्हणजे लुओयांगचं फावडं. फावडं म्हणतात, पण ते अर्ध्या नळीसारखं असतं, लांब दांड्याचं. एका खोदकामाच्या कुंपणाबाहेर आम्ही तासभर उभे होतो. एक मध्यमवयीन कामगार ते सरळ जमिनीत मारायचा, हलकासा पीळ द्यायचा आणि वर ओढायचा. नळीत अडकलेली मातीची कांडी तो ताडपत्रीवर क्रमाने मांडत गेला. वरची भुसभुशीत, मुळं असलेली. मग पिवळी, एकसारखी. आणि मग एक कांडी आली ती घट्ट, पापुद्र्यापापुद्र्यांची, हाताने तोडली तर सपाट तुटणारी. त्याने ती बोटांत चोळली आणि आमच्याकडे बघून मान हलवली. चोपलेली माती. खाली भिंत आहे! चोरांचं हे हत्यार आज पुरातत्त्वाचं रोजचं साधन झालं आहे. तुमच्या सहलीतल्या मुलांना हे दाखवा. कुठल्याही केबल कारपेक्षा त्यांच्या जास्त लक्षात राहील.

पण जमिनीवर काही नाही असंही नाही. शहराच्या दक्षिणेला यी नदी दोन डोंगरांमधून बाहेर पडते, तो लाँगमेन. दोन्ही बाजूंच्या चुनखडीच्या कड्यांत साधारण एक किलोमीटर लांबीत 2,345 लेणी आणि कोनाडे, एक लाखाहून अधिक मूर्ती. उत्तर वेई सम्राट श्याओवनने 493 च्या सुमारास राजधानी दातोंगजवळून इथे हलवली आणि काम सुरू झालं. आता आपल्याकडचं साल आठवा. अजिंठ्याची मोठी लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली. तिथली छिन्नी थांबते न थांबते तोच इथली सुरू झाली. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे कडा, दोन्हीकडे बुद्ध. फरक दगडाचा. अजिंठ्याचा काळा पाषाण मोठी दालनं झेलतो, बारीक काम तिथे गिलाव्यावर रंगाने झालं. लाँगमेनची चुनखडी बारीक कणांची, म्हणून तिथे दगडातच नाजूक काम आहे. 680 साली पूर्ण झालेल्या दहा हजार बुद्धांच्या लेण्यात भिंतीभर चार सेंटिमीटरचे बुद्ध आहेत. नाव दहा हजारांचं, प्रत्यक्षात पंधरा हजार. मी कठड्याशी उभी राहून हवेत अंगठा धरून मापला. प्रत्येक बुद्ध माझ्या अंगठ्याच्या वरच्या दोन पेरांएवढा, आणि प्रत्येकाला स्वतःचं स्वतंत्र आसन.

आणि मग पायऱ्या चढून वर गेलं की वैरोचन बुद्ध. 17.14 मीटर उंच, नुसता कान 1.9 मीटर. 672 साली सम्राज्ञी वू झेत्यानने आपल्या प्रसाधनखर्चातून वीस हजार माळा नाणी यासाठी दिली, आणि 675 साली काम पुरं झालं. पुढे हीच बाई चीनच्या इतिहासातली स्वतःच्या नावाने गादीवर बसलेली एकमेव सम्राज्ञी झाली, आणि तिची राजधानी लुओयांग. तिथे जाल तेव्हा रिकामे चौकोनही दाखवा. बिनयांगच्या मधल्या लेण्यातली सम्राट-सम्राज्ञीच्या मिरवणुकीची शिल्पं 1930 च्या दशकात फोडून विकली गेली. सम्राट आज न्यूयॉर्कला आहे, सम्राज्ञी कॅन्सस सिटीला. भिंतीवर छिन्नीचे घाव तेवढे आहेत.

शहराच्या पूर्वेला श्वेताश्व विहार. परंपरा सांगते की हान सम्राट मिंगला स्वप्न पडलं, त्याने माणसं पाठवली आणि पांढऱ्या घोड्यांवर ग्रंथ लादून काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्षू इथे आले. 68 सालची गोष्ट. दोघांच्या समाध्या आवारातच आहेत, गवताने झाकलेल्या गोल. त्याच परिसरात सांचीच्या धर्तीवरचं एक भारतीय मंदिर आहे. 2010 च्या मे महिन्यात त्याचं लोकार्पण तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं. त्या जळगाव जिल्ह्यातल्या, म्हणजे अजिंठ्याच्या वाटेवरच्या. हे तुमच्या एकाही पत्रिकेत मी वाचलेलं नाही.

आपली माणसं लुओयांगला नेहमी सन्मानानेच होती असं नाही. 1907 साली वायव्य चीनमधल्या तुनहुआंगजवळच्या एका जुन्या पहाऱ्याच्या बुरुजात सोग्दी, म्हणजे मध्य आशियातल्या समरकंदकडच्या, व्यापाऱ्यांची पत्रं सापडली, चौथ्या शतकाच्या सुरुवातीची. त्यांतल्या एकात 311 च्या विध्वंसाची बातमी समरकंदच्या मालकाला कळवली आहे: दुष्काळ पडला, सम्राट पळाला, शहर जळलं, आणि लुओयांगमधले भारतीय आणि सोग्दी उपासमारीने मेले. कोण होते हे भारतीय, कुठल्या बंदरातून निघाले, घरी कुणाला काही कळलं का? एका परक्या व्यापाऱ्याच्या पत्रात अर्ध्या ओळीत त्यांची नोंद आहे. मी त्या जुन्या राजधानीच्या शेतातल्या बांधावर ही ओळ वाचून दाखवली, आणि आमच्यापैकी कुणी बराच वेळ बोललं नाही.

आता माझ्या पत्राचा खरा मुद्दा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला एक चिनी माणूस ठाऊक असतो. आमच्या पिढीने त्याला ह्यू-एन-त्संग म्हटलं, आताची पुस्तकं युआन श्वांग म्हणतात. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात तो आला, महाराष्ट्राचं वर्णन त्याने लिहिलं. माणसं मानी आणि साधी, उपकार न विसरणारी आणि अपमानही न विसरणारी, लढायला जाण्याआधी शत्रूला सावध करणारी. पूर्वेच्या डोंगरातला विहार आणि दारापाशी दगडी हत्ती, हेही त्याने लिहिलं, आणि अभ्यासक तो विहार म्हणजे अजिंठा मानतात. तुम्ही अजिंठ्याला सहल नेता तेव्हा तुमचा गाइड त्या हत्तींजवळ थांबून हेच नाव घेतो ना?

या माणसाचं घर लुओयांगला आहे. यान्शीजवळच्या चेन-हे गावात 602 साली त्याचा जन्म झाला. तेराव्या वर्षी लुओयांगच्याच विहारात त्याला भिक्षू होण्यासाठी निवडलं गेलं. सीमा ओलांडायला बंदी असताना तो 629 च्या सुमारास निघाला आणि 645 साली 657 ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. सम्राट ताइझोंग तेव्हा कोरियाच्या मोहिमेच्या तयारीसाठी लुओयांगला होता, म्हणून भेट लुओयांगला झाली. सम्राटाने सांगितलं, चीवर उतरव आणि माझा अधिकारी हो. याने नकार दिला. मग याने जवळच्या शाओलिन विहारात राहून भाषांतर करण्याची परवानगी मागितली. ती सम्राटाने नाकारली. पण एक आज्ञा केली: जे देश पाहिलेस ते सगळे लिहून काढ. पुढच्या वर्षी तो ग्रंथ पुरा झाला, आणि पुलकेशीबद्दलचा, आपल्याबद्दलचा तो उतारा त्याच ग्रंथातला. छत्तीस वर्षं मी जो उतारा मुलांना शिकवला, तो लिहायला सांगितलं गेलं ते या शहरात. त्याच शहराच्या फलाटावर तुमची गाडी दोन मिनिटं थांबते.

आणखी एक प्रसंग त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आहे. 657 साली तो सम्राटाबरोबर पुन्हा लुओयांगला आला तेव्हा पंचावन्न वर्षांचा होता. गावी गेला. ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. एक बहीण जिवंत आहे असं कळलं, दुसऱ्या गावी दिलेली. तिला बोलावून घेतलं आणि तिलाच विचारलं, आईबाबांना कुठे पुरलंय? दोघं मिळून गेले. कबर पडझड झालेली, झाडोऱ्यात. त्याने सम्राटाकडे रजा मागितली, नवी जागा पाहिली आणि आईवडिलांना पुन्हा नीट पुरलं. चेन-हेमध्ये आज त्याचं स्मारक आहे. माझ्या वहिनीने घरून नेलेला चाफ्याचा गजरा पाचव्या दिवशी पार सुकला होता. तरी तिने तो तिथेच ठेवला.

तेव्हा माझी विनंती अशी. शीआनहून लुओयांग बुलेट ट्रेनने दीड-दोन तास, तिथून बीजिंग चारेक तास. म्हणजे रस्ता वाकडा करायचा नाही, नुसतं उतरायचं आहे. दोन रात्री द्या. एक सकाळ लाँगमेनला, लवकर, कारण पश्चिमेच्या कड्यावर पूर्वेचं ऊन सकाळीच पडतं. मग श्वेताश्व विहार आणि चेन-हे एकाच दिशेला, एका दिवसात बसतात. अर्लितोचं संग्रहालयही तिकडेच आहे. शाओलिन हवंच असेल तर तिसरी रात्र लागेल. घाईत ते करू नका. एप्रिलमध्ये पिओनीचा फुलोत्सव असतो. शहर तेव्हा सुंदर दिसतं, पण गर्दी इतकी की ज्येष्ठांना त्रास होईल. मी ऑक्टोबर सुचवीन.

आणि एक माणूस द्या जो सांगू शकेल. मातीच्या टेकाडासमोर सांगणारा नसेल तर ते खरोखरच टेकाड राहतं, आणि मग "काही उरलेलं नाही" म्हणणाऱ्याचा दोष नसतो. माझी टिपणं तयार आहेत, 40 पानं, नकाशांसह, चिनी नावांच्या मराठी उच्चारांसह. ज्या संस्थेला हवी असतील तिने मागावीत, मोबदला नको. पहिल्या तुकडीबरोबर स्वखर्चाने यायची माझी तयारी आहे. गुडघे अजून पायऱ्या चढतात.

कळावे, उत्तराची वाट पाहते.

आपली,
इतिहास-भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका